पदरमोड

बंगळूर शहराच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाची एक वस्ती आहे. हे नाव मराठी माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडले की तो क्षणभर थबकतो. ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे, हे त्याला ठाऊक असते. तेव्हा ‘मारत’ हे आपल्याच ‘मराठ्या’चे रूपांतर तर नसेल ना, असा विचार त्याच्या मनात येतो. जे शहर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, त्याच्या वेशीवर असा विचार मनात येणे अगदीच वावगे नव्हे. तेथील लोक मात्र निराळी कथा सांगतात. शेजारच्या कारखान्यात बांधलेले ‘मारुत’ विमान येथे कोसळले, त्यावरून गावाला हे नाव मिळाले, असे ते म्हणतात. ह्या वादात पडण्याचा माझा हेतू नाही. मला ह्या गावाकडे आपले लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्याच कारणासाठी.

मारतहळ्ळीच्या पश्चिमेस हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात त्याची स्थापना केली. कारखान्याभोवती कामगार आले. पुढे अर्धशतकानंतर शहराचा बाह्य वळणरस्ता गावावरून गेला, संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि शेतांच्या जागी दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या कोणत्याही एका इमारतीच्या दारात आपण घटकाभर उभे राहिलो, तर तीन माणसे आपल्या दृष्टीस पडतील. पुण्याहून वा नागपुराहून आलेला अभियंता लगबगीने बाहेर पडत असतो; दारावरचा पहारेकरी त्याला सलाम करतो; आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई मागच्या जिन्याने वर जात असते.

आता अशी कल्पना करा, की ह्या तिघांना एकाच आठवड्यात विषमज्वर झाला. अभियंत्याचा विमा त्याच्या कंपनीने उतरवलेला आहे. आणि डॉक्टरांची फी त्याने स्वतः दिली तरी महिनाअखेर त्याला ती आठवणारही नाही. पहारेकऱ्याचे नाव कामगार राज्य विम्याच्या पटावर रीतसर नोंदलेले असेल, तर दवाखान्यात त्याला वैद्य मिळतो, औषध मिळते, आणि पहिले दोन दिवस सोडून अंथरुणावर काढलेल्या दिवसांची सत्तर टक्के मजुरीही मिळते. बाईजवळ सरकारी कार्ड आहे. त्या कार्डावर तिच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. पण ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते. घरी पडून काढलेल्या तापाला ते चालत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांची फी, रक्ताची तपासणी, औषधे आणि बुडालेले खाडे हे सारे तिच्या अंगावर पडते. तिघांत गरीब तीच. कागदावर पाच लाखांचे अभय असलेलीही तीच. आणि मिळकतीच्या मानाने सर्वांत अधिक पैसे मोजणारीही तीच!

ह्या विपर्यासाचा उगम कोठे आहे, ते आज आपल्याला पाहायचे आहे. आपल्या भाषेत ह्या विषयासाठी एक नेमका शब्द आहे, ‘पदरमोड’. दुसऱ्याने उचलायचा, किंवा निदान वाटून घ्यायचा खर्च आपल्या पदरच्या गाठीतून करावा लागणे, ही पदरमोड. आजाऱ्याच्या पदराची गाठ सुटू नये म्हणून समाजाने काय काय केले, हा आरोग्यविम्याचा इतिहास होय. आणि ती गाठ तरीही का सुटत राहिली, हे त्या इतिहासाचे मर्म आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ जर्मनीत झाला. १८८३ साली बिस्मार्कने कामगारांसाठी आजाराचा सक्तीचा विमा सुरू केला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने व एक हिस्सा मालकाने द्यावा, असा त्याचा नियम होता. सरकारने त्यात आपले पैसे घातले नव्हते. ते पाऊल इंग्लंडने १९११ मध्ये टाकले. तेथे कामगार आठवड्याला चार पेन्स देई, मालक तीन देई आणि सरकार दोन. चार पेन्सांत नऊ पेन्सांचा लाभ, अशी त्याची जाहिरात लॉइड जॉर्ज यांनी केली. विम्याला सरकारी अनुदान देण्याची कल्पना अशा रीतीने रूढ झाली. मात्र त्या कायद्यात कामगाराला वैद्य मिळाला, त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळाला नाही. क्षयरोगाचा अपवाद सोडता रुग्णालयाचा खर्चही त्यात नव्हता. अनुदान किती दिले ह्याइतकेच ते कशासाठी दिले हेही महत्त्वाचे असते, हा धडा पहिल्याच प्रयोगाने शिकवला होता.

आपल्या देशात ह्या विचाराला निश्चित रूप आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४३ साली हिंदुस्थान सरकारने प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले. त्यांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये आपला अहवाल सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. कापड, यंत्रोद्योग आणि खनिज व धातू ह्या उद्योगांपासून आरंभ करावा, विमा सक्तीचा असावा, आणि वर्गणी कामगार व मालक दोघांकडून घ्यावी, असे आडारकरांनी सुचवले. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्या समितीने घालून दिले. भोर समितीने ध्येय सांगितले. आडारकरांनी त्या ध्येयाकडे जाणारी, निदान कारखान्यांच्या दारापर्यंत पोहोचणारी, एक पायवाट आखली.

त्या पायवाटेचा कायदा १९४८ मध्ये झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे आली आणि १९५८ मध्ये बंगळुरात. मुंबईत कामगाराने आपल्या चाळीजवळचा, योजनेच्या यादीतला डॉक्टर निवडावा, अशी सोय होती. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हे ह्याच योजनेचे रुग्णालय. बंगळुरात राजाजीनगर आणि इंदिरानगर येथे तिची रुग्णालये आहेत; त्यांपैकी इंदिरानगरचे मारतहळ्ळीच्या माणसाला जवळचे.

ह्या कायद्याची रचना जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. महिन्याला चारशे रुपयांपर्यंत मिळवणारा कामगार त्यात येई. मिळकत वाढेल तशी वर्गणी वाढे. आणि ज्याची रोजी एक रुपयाहूनही कमी, त्याने काहीच द्यायचे नाही, त्याचा मालकच आपला हिस्सा भरी. गरिबाच्या वर्गणीचा भार दुसऱ्याने उचलावा, हे तत्त्व येथे पहिल्या पानापासून होते. पण त्याहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. वर्गणी भरलेल्या कामगाराला काय मिळावे ह्याचा विचार करताना कायदा करणाऱ्यांनी रोग्याकडे पाहिले, केवळ रुग्णालयाकडे नव्हे. त्याला डॉक्टर हवा, औषध हवे. आणि तो अंथरुणाला खिळला असता चूल पेटती राहण्यासाठी मजुरीचा काही अंश हवा. म्हणून वर्षातून ५६ दिवसांपर्यंत सुमारे निम्मी मजुरी देण्याची तरतूद झाली. पुढे १९५८ पासून कुटुंबीयांच्या उपचारांचाही त्यात समावेश होऊ लागला. आजाराने पदराची गाठ किती ठिकाणी सुटते, ह्याची जाण त्या रचनेत दिसते.

आज वर्गणीचे गणित बदलले आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या मजुरीतून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के घेतले जाऊ लागले. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या पहारेकऱ्याचे सुमारे ११३ रुपये कापले जातात, आणि मालक सुमारे ४८८ रुपये घालतो. रोजी सरासरी १७६ रुपयांपर्यंत मिळवणाऱ्याला त्याच वर्षापासून स्वतःची वर्गणी माफ झाली. आजारपणातील मजुरी सत्तर टक्के झाली, आणि ती वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. ही योजना निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. दवाखान्यातील रांग, औषधांचा तुटवडा, कंत्राटदाराने नावच न नोंदवणे, ह्या तक्रारी तिच्याइतक्याच जुन्या आहेत. शिवाय २०१७ मध्ये तिची मर्यादा महिना २१,००० रुपये ठरली. मजुरी त्यापुढे गेली की वर्गणीचा चालू काळ संपताच विम्याचे छत्र मिटते. शे-दोनशे रुपयांच्या बढतीसाठी सारा विमा गमवावा लागणे ही बढती की शिक्षा, असा प्रश्न त्या पहारेकऱ्याने विचारला तर त्याचे उत्तर देणे कठीण आहे. तथापि, ही रचना कामगाराच्या आजाराला आरंभापासून अखेरपर्यंत सोबत करते, हे कबूल केले पाहिजे.

परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर काय? देशातील बहुसंख्य माणसे शेतात, बांधकामावर, पथारीवर आणि दुसऱ्यांच्या घरी राबतात. त्यांना मालक असला तर तो रोज बदलतो. मजुरीचा पट कोठेच नसतो. त्यांच्या वर्गणीचा हिस्सा कोणी घालायचा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात अर्धशतक गेले, आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग कर्नाटकातच झाला.

त्या प्रयोगाचे नाव ‘यशस्विनी’. २००३ च्या जूनमध्ये सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ती योजना सुरू झाली. मारतहळ्ळीच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर नारायण हृदयालय आहे; तेथील शल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांचा तिच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. सहकाराचे वातावरण ज्याने पाहिले आहे अशा महाराष्ट्रीय माणसाला ह्या योजनेतील मेख लगेच कळेल. दूधसंस्था आणि पतपेढी यांच्याकडे सभासदांची नोंदवही असते, आणि तेथे वर्गणी गोळा करण्याची सवय असते. म्हणजे जो पट कारखान्यात मिळतो, तो येथे सहकारी संस्थेत मिळाला. माणशी वर्षाला साठ रुपये, म्हणजे महिन्याला पाच रुपये, वर्गणी होती. तिला सरकारी अनुदानाची जोड होती. आणि त्या मोबदल्यात ठरलेल्या रुग्णालयांत ठरलेल्या दराने शस्त्रक्रिया होई.

पहिल्या वर्षी सुमारे सोळा लाख लोकांनी नावे नोंदवली, दुसऱ्या वर्षी सुमारे वीस लाखांनी. तिसऱ्या वर्षी वर्गणी साठाची एकशेवीस झाली, आणि सभासदांची संख्या पंधरा लाखांच्याही खाली घसरली. वर्षाला साठ रुपयांची वाढ! मारतहळ्ळीच्या इमारतीतील अभियंत्याला ही रक्कम रक्कमच वाटणार नाही. पण पाच माणसांच्या शेतकरी कुटुंबाला ती वाढ तीनशेची पडते, आणि ती पेरणीच्या तोंडावर काढायची असते. गरिबाच्या विम्याला अनुदान का हवे, ह्याचे ह्याहून स्पष्ट उत्तर सापडणार नाही. पुढल्या वर्षांत संख्या पुन्हा सावरली. ही योजना २०१८ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली, आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली.

वर्गणी साठ रुपयांनी वाढली तरी जर माणसे गळतात, तर वर्गणी शून्यच का करू नये? हा पुढचा विचार होता. २००८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने फक्त तीस रुपये नोंदणीचे द्यायचे. बाकी वर्गणी केंद्र व राज्य यांनी भरायची. आणि कुटुंबाला वर्षाला तीस हजारांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळायचे. २०१० मध्ये कर्नाटकाने ‘वाजपेयी आरोग्यश्री’ सुरू केली, प्रथम गुलबर्गा विभागात व नंतर बेळगाव विभागात, म्हणजे सीमाभागातील मराठी भाषकांच्या प्रदेशातही. हृदयरोग, कर्करोग ह्यांसारख्या मोठ्या दुखण्यांवर तिचा भर होता, आणि तिच्यात गरीब कुटुंबाने काहीच द्यायचे नव्हते. महाराष्ट्रात १९९७ पासून ‘जीवनदायी’ योजना होती. तिची जागा घेणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी गडचिरोलीपासून मुंबईपर्यंत आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पसरली. तिच्यात कुटुंबामागे ३३३ रुपयांची वर्गणी सरकार भरी. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. २०१८ च्या सप्टेंबरात पंतप्रधान जन आरोग्य योजना आली, आणि मर्यादा पाच लाखांवर गेली.

ह्या अनुदानांनी गरिबाची पदरमोड थांबली का? ह्याला मिळालेली उत्तरे दोन तऱ्हेची आहेत, आणि ती दोन्ही खरी आहेत. वाजपेयी आरोग्यश्री कर्नाटकाच्या उत्तर भागात आधी आली, दक्षिणेत नंतर. त्यामुळे काही काळ असा गेला, की सीमेच्या एका बाजूच्या खेड्याला योजना होती आणि लगतच्या दुसऱ्या बाजूच्या खेड्याला नव्हती. संशोधकांनी अशा शेकडो खेड्यांची तुलना केली व २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. योजनेच्या बाजूला मोठ्या रुग्णालयांतील उपचारांवर गरिबांना करावा लागणारा खर्च निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. आणि योजनेत समाविष्ट असलेल्या रोगांनी होणारे मृत्यूही पुष्कळ कमी झालेले दिसले. अनुदानाने माणसे जगतात, ह्याचा हा पुरावा आहे. तो हलका लेखणे अन्यायाचे होईल.

दुसरे उत्तर राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे. देशभराच्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्यांना तिच्यामुळे गरीब कुटुंबांच्या एकूण पदरमोडीत म्हणण्यासारखी घट आढळली नाही. मुंबईत राजीव गांधी योजनेच्या रोग्यांची चौकशी झाली, तेव्हा ‘रोकडविरहित’ उपचार घेतलेल्यांपैकीही अनेकांनी तपासण्या व औषधे यांसाठी पैसे मोजल्याचे दिसून आले.

ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटतात, पण तशी ती नाहीत. आपल्याकडे आजारावर जो पैसा घरातून जातो, त्यातला मोठा भाग रुग्णालयातील खाटेवर जात नाही. तो औषधाच्या दुकानात, तपासणीच्या खोलीत आणि डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर जातो. मधुमेह, रक्तदाब, दमा ही दुखणी एका दिवसात घर बुडवीत नाहीत. ती महिन्याच्या महिन्याला थोडा थोडा पदर सोडवतात. खाटेपुरता विमा मोठी आपत्ती अडवतो; पण ही रोजची झीज त्याला दिसतच नाही. धरणाला भक्कम भिंत बांधावी आणि पाटाची गळती तशीच राहू द्यावी, त्यातला हा प्रकार आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असेही नाही. इंग्लंडने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सर्वांना मोफत केली. आणि तीनच वर्षांनी चष्मे व कवळ्या यांवर शुल्क बसवण्याचे ठरताच त्या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. अमेरिकेने २०१० च्या कायद्यात अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी दोन वेगवेगळी साहाय्ये ठेवली. एक विम्याचा हप्ता कमी करणारे, आणि दुसरे आजारी पडल्यावर स्वतः भरायची रक्कम कमी करणारे. हे दुसरे साहाय्य का लागले? कारण स्वस्त हप्त्याच्या विम्यात काही हजार डॉलर स्वतः भरेपर्यंत विमा हात पुढे करीत नाही. असा विमा गरिबाजवळ असून नसल्यासारखा. हप्त्याचे साहाय्य आणि उपचाराचे साहाय्य ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेथील कायद्याने उघड मान्य केले.

आमच्या १९४८ च्या कायद्याने तेच न बोलता मान्य केले होते. तो कायदा थोड्यांसाठी होता, पण त्यांच्यासाठी पुरता होता. नंतरच्या योजना पुष्कळांसाठी झाल्या, पण त्या अपुऱ्या राहिल्या. विस्तार साधताना आपण खोली सोडली, असा ह्या सत्तर वर्षांचा ताळेबंद मांडता येईल. सरकारी हिशेबानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील पदरमोडीचा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा समाधानाचा आहे. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच काळात सरकारने स्वतःचा खर्च बराच वाढवला, म्हणून एकूणात घरच्या खर्चाचा वाटा लहान दिसतो. विशिष्ट बाईच्या विशिष्ट महिन्यात पदराला किती गाठी राहिल्या, ते ह्या शेकडेवारीवरून कळत नाही.

पाटाची गळती बुजवण्याचे काही प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत. २०२२-२३ मध्ये बंगळुरात प्रभागाप्रभागांतून ‘नम्म क्लिनिक’ नावाचे छोटे सरकारी दवाखाने निघाले. मुंबईत त्याच सुमारास ‘आपला दवाखाना’ निघाला. दोन्ही नावांचा अर्थ एकच, आणि हेतूही एकच. तेथे वैद्य, साध्या तपासण्या आणि औषधे विनामूल्य मिळावीत, अशी योजना आहे. पाच लाखांच्या कार्डापुढे हे दवाखाने लहान दिसतात. परंतु तापाने फणफणलेल्या माणसाला आधी त्यांचीच वाट धरावी लागते.

आता आपण पुन्हा मारतहळ्ळीच्या त्या दारात येऊ. बाईचा ताप उतरला आहे. ती आठ दिवसांनी कामावर आली आहे, आणि खाड्यांचे पैसे कापले जातील का, हे विचारायला तिला धीर होत नाही. तिच्या जवळचे कार्ड खोटे नाही. उद्या तिच्या नवऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली तर ते त्याचे प्राण वाचवील. पण ह्या आठ दिवसांत ते तिच्या कामी आले नाही. तिच्यासाठी जवळचा दवाखाना उघडा असता, त्यात औषध शिल्लक असते, आणि पहारेकऱ्याप्रमाणे तिलाही आजारपणातील मजुरीचा आधार असता, तर तिचा पदर शाबूत राहिला असता.

म्हणून एखाद्या योजनेची थोरवी ऐकताना आपण तिच्या लाखांचा आकडा जरूर ऐकावा. पण त्याचबरोबर एक साधा प्रश्नही विचारावा. रोगी बरा होऊन घरी आला, तेव्हा पदराला गाठ शिल्लक होती काय?